इम्पीडन्सवर पेशी मोजणारी यंत्रं: ईसिस, एक्ससेलिजन्स की सेलझेडस्कोप?

पेशींवर औषधाचा परिणाम बघायचा म्हटलं की बहुतेक प्रयोगशाळांचा हात आधी एमटीटीकडे, म्हणजे जिवंत पेशींमुळे रंग बदलणाऱ्या चाचणीकडे, जातो. ४८ तासांनी एमटीटी घालायचं, जांभळे स्फटिक विरघळवायचे, ५७० नॅनोमीटरला वाचायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. पण मधल्या ४८ तासांत काय घडलं? सहाव्या तासाला निम्म्या पेशी गळाल्या आणि उरलेल्या पुन्हा वाढल्या, की चाळिसाव्या तासापर्यंत काहीच झालं नाही? शेवटच्या आकड्यात दोन्ही गोष्टी सारख्याच दिसू शकतात. इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजणाऱ्या यंत्राची गरज भासते ती इथे.

प्लेटमधल्या प्रत्येक वेलच्या (पेशी वाढवायच्या छोट्या खळग्याच्या) तळाशी सोन्याचे इलेक्ट्रोड असतात आणि त्यांतून अगदी क्षीण एसी करंट सोडतात. पेशीचं पटल करंट अडवतं. पेशी बसल्या, पसरल्या की इम्पीडन्स चढतो; गोल होऊन सुटल्या की उतरतो. रंग नाही, लेबल नाही, आणि वाचन दर काही मिनिटांनी, कित्येक दिवस.

सगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं इथपर्यंत सारखंच सांगतात, म्हणून निवड करताना गोंधळ उडतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: यंत्राच्या डब्याची तुलना करू नका, प्लेटच्या तळाची करा. इलेक्ट्रोड केवढा आहे आणि कुठे आहे, यावरच ठरतं की तुम्हाला पेशींची संख्या दिसणार की पेशींमधल्या फटी.

ईसिस हे या घराण्यातलं मूळ यंत्र. सुपरकंडक्टरमधल्या टनेलिंगसाठी १९७३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले इव्हार गियेव्हर पुढे जीवशास्त्राकडे वळले आणि चार्ल्स कीस यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये या पद्धतीचा पहिला शोधनिबंध लिहिला. त्यांची अप्लाइड बायोफिजिक्स ही कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयमध्ये आहे. मूळ प्लेटमधल्या इलेक्ट्रोडचा व्यास अवघा २५० मायक्रॉन. वेलचा तळ साधारण ०.८ चौरस सेंटीमीटर, इलेक्ट्रोड ०.०००५. म्हणजे तळावर लाखभर पेशी असल्या तर यंत्राला दिसतात साठ-सत्तर.

इतका छोटा का? साधा इलेक्ट्रोड मोठा केला तर मीडियमचाच, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाचाच, रोध वरचढ ठरतो आणि पेशींचा वाटा त्यात बुडून जातो. छोट्यावर पेशींचं पारडं जड होतं, इतकं की पेशींची नुसती चुळबुळही आलेखात थरथरताना दिसते. शिवाय ईसिस अनेक फ्रीक्वेन्सींवर वाचतं. साधारण ४,००० हर्ट्झला करंट पेशींच्या खालून आणि दोन पेशींमधल्या फटीतून वाट काढतो, तर ६४,००० हर्ट्झला थेट पेशींमधून पार जातो. त्यामुळे पहिलं वाचन थर किती घट्ट आहे ते सांगतं, दुसरं इलेक्ट्रोडचा किती भाग झाकला गेला ते. गणिती मॉडेल लावलं की पेशींमधला रोध आणि पेशीखालचा रोध वेगळे काढता येतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या (एंडोथेलियल) थरावर थ्रोम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम टाकलं की काही मिनिटांत रोध कोसळतो आणि मग हळूहळू सावरतो. हा उतार पेशींमधले सांधे उघडल्यामुळे की पेशी तळापासून उचलल्या गेल्यामुळे, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने दुसरीकडे बघूच नये.

जखम भरण्याच्या प्रयोगातही ईसिस पुढे आहे. पिपेटच्या टोकाने ओरखडा काढला तर प्रत्येक वेलमध्ये रुंदी वेगळी येते आणि खालचं कोटिंगही खरवडून निघतं. इथे काही सेकंद जोरदार करंट दिला की इलेक्ट्रोडवरच्या तेवढ्याच पेशी मरतात. जखम दर वेळी २५० मायक्रॉनचीच, आणि शेजारच्या पेशी आत शिरत गेल्या की इम्पीडन्स परत चढतो.

मात्र पेशी विरळ पेरल्या असतील किंवा पुंजक्यांनी वाढत असतील, तर त्या इलेक्ट्रोडवर येणं नशिबावर राहतं. त्यासाठी दहा किंवा अधिक इलेक्ट्रोडच्या प्लेट मिळतात, त्याच मागवा. सोन्यावर आधी सिस्टीनचं द्रावण फिरवून इलेक्ट्रोड स्थिर करायची पायरीही गाळू नका, नाहीतर पहिल्या काही तासांची रेषा सरकत राहते.

एक्ससेलिजन्सचा तळ याच्या उलट. एकमेकांत गुंफलेल्या सूक्ष्म इलेक्ट्रोडांची जाळी जवळजवळ पूर्ण तळ व्यापते, त्यामुळे वेलमधल्या बहुतेक पेशी मोजणीत येतात. सॅन दिएगोच्या एसिया बायोसायन्सेसचं हे यंत्र काही वर्षं रोशमार्फत विकलं गेलं आणि २०१८ मध्ये अ‍ॅजिलंटने एसियाच विकत घेतली. जुन्या शोधनिबंधांत रोशचं नाव दिसलं तर यंत्र वेगळं आहे असं समजू नका.

हे यंत्र ‘सेल इंडेक्स’ देतं: पेशी घालण्याआधीचा इम्पीडन्स वजा करून ठरावीक आकड्याने भागलेली, एकक नसलेली संख्या. इथेच नवखे फसतात. सेल इंडेक्स दुप्पट झाला म्हणजे पेशी दुप्पट झाल्या असं नाही. तेवढ्याच पेशी जास्त पसरल्या किंवा घट्ट चिकटल्या तरी तो वाढतो. दोन सेल लाइनचे (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींच्या वाणांचे) आकडे शेजारी ठेवून तुलना करणंही चूक. प्रत्येक लाइनसाठी वेलमागे २,५००, ५,०००, १०,०००, २०,००० असं पेरून आधी वक्र काढावा लागतो. पेरल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमधल्या स्टेशनवर (यंत्राच्या प्लेट बसवायच्या भागावर) न ठेवता अर्धा तास बाहेर स्थिर ठेवायची, म्हणजे पेशी कडेला न साचता सारख्या बसतात.

औषधांची विषाक्तता, पेशींची वाढ आणि टी-पेशी ट्यूमर पेशींना कसं मारतात ते बघणं, या तिन्हींसाठी माझी पसंती यालाच. टी-पेशी तळाला चिकटत नाहीत, म्हणून आलेख फक्त लक्ष्य पेशींचा राहतो आणि त्या सुटू लागल्या की उतरतो. पण लक्ष्य पेशीच तरंगणाऱ्या असतील तर पंचाईत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या टी-पेशी उपचाराचं लक्ष्य असतात बी-पेशी. अशा पेशी तळाला बांधून ठेवायला आधी अँटीबॉडीचं कोटिंग करावं लागतं. त्या वाटेने जाणाऱ्यांनी हा खर्च आणि वेळ आधीच धरावा.

मॉडेल निवडताना ९६ वेलच्या आकड्याला भुलू नका. एक्ससेलिजन्सच्या एसपी मॉडेलमध्ये ९६ वेलची एकच प्लेट बसते; एकाचा प्रयोग तीन दिवस चालला की बाकीचे तीन दिवस रांगेत. डीपी मॉडेलमध्ये १६ वेलच्या प्लेटसाठी तीन स्वतंत्र जागा आहेत आणि पेशींचं स्थलांतर मोजायच्या प्लेटही त्यात चालतात. चार-पाच पीएचडीचे विद्यार्थी असलेल्या गटाला डीपी जास्त सोयीचं.

तिसरी जात सच्छिद्र पडद्यावर वाढवलेल्या थरांची. आतड्याच्या कॅको-२ पेशी इन्सर्टवर (वेलमध्ये बसणाऱ्या सच्छिद्र तळाच्या कपावर) तीन आठवडे वाढवून औषध पलीकडे किती झिरपतं ते बघायचं असेल, तर वरची दोन्ही यंत्रं बाजूला ठेवा, कारण त्यांच्या नेहमीच्या प्लेटच्या घन तळाखाली दुसरा कप्पाच नसतो. इथे मोजायचा तो टीईईआर, म्हणजे पेशींचा थर ओलांडताना करंटला होणारा रोध. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काडीसारख्या इलेक्ट्रोडचं हातात धरायचं ईव्होम. वाचन ५२० ओम, रिकाम्या इन्सर्टचं १२०, इन्सर्टचं क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटीमीटर, तर उत्तर ४४८ ओम-चौरस सेंटीमीटर. पण काडी जरा तिरकी धरली किंवा प्लेट बाहेर गार झाली की आकडा हलतो. जर्मनीतल्या म्युन्स्टरचं सेलझेडस्कोप हेच काम इन्क्युबेटरच्या आत, २४ इन्सर्टवर, आपोआप करतं आणि थराची कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) देतं. त्याचे स्टीलचे इलेक्ट्रोड निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात आणि इन्सर्ट बाजारातले नेहमीचे चालतात.

हा शेवटचा मुद्दा खरेदी समितीपुढे ठासून मांडा. ईसिस आणि एक्ससेलिजन्सच्या प्लेट एकमेकांत चालत नाहीत, त्या एकदाच वापरायच्या असतात, आणि यंत्र एकदा आणलं की पुढची अनेक वर्षं त्याच कंपनीकडून मागवाव्या लागतात. काही ठिकाणी त्या ट्रिप्सीनने (पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमने) धुऊन पुन्हा वापरतात. सरावापुरतं ठीक, छापायच्या निकालांसाठी नको. म्हणून कोटेशन मागताना यंत्राबरोबर तीन वर्षांच्या प्लेटचा दर, त्या यायला लागणारा वेळ आणि एएमसी (वार्षिक देखभाल करार) हेही लेखी घ्या. स्टेशन इन्क्युबेटरमध्येच राहणार, तेव्हा एक पूर्ण कप्पा, केबलसाठी भोक आणि इन्क्युबेटरलाही यूपीएस लागेल. इन्क्युबेटरमध्ये जागाच नसेल तर अ‍ॅक्सियनचं माएस्ट्रो झेड बघा, ते तापमान आणि कार्बन डायऑक्साइड स्वतः सांभाळत टेबलावर बसतं.

डेमोला कंपनीच्या पेशी नकोत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेली असो की दुसरीकडची, तुमची रोजची सेल लाइनच वापरा आणि अर्ध्या प्लेटमध्ये औषध न घालता त्याच पेशी सारख्या पेरा. शुक्रवारी संध्याकाळी लावून सोमवारी बघा, त्या सारख्या वेलच्या रेषा एकमेकींपासून किती फाकल्यात. तुम्हाला पकडायचा असलेला परिणाम त्या फाकण्यापेक्षा लहान असेल, तर ते यंत्र तुमच्या कामाचं नाही.