गोधडी शिवण्यासाठी वॉकिंग फूट: हिवाळा ते पावसाळा, सलग वापरानंतरचा अनुभव

शिलाई मशीनला लावायचा वॉकिंग फूट, म्हणजे कापड दाबून धरता धरता ते वरूनही सरकवणारा जोड, मी मागच्या नवरात्राच्या सुमारास घेतला आणि तेव्हापासून आमच्या इंदूरच्या घरातल्या गोधड्या, दुलया आणि बाळंतविड्यातली दुपटी ह्यांची बहुतेक शिलाई त्याच्यावरच होत आहे. हिवाळा आणि उन्हाळा पूर्ण आणि आता अर्धा पावसाळा असा वापर झाल्यामुळे त्याच्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल असे वाटते. माझे मत आधीच सांगते. तीन किंवा अधिक थरांवर लांब आणि सरळ टाके घालायचे असतील, तर घरगुती मशीनसाठी ह्याच्याइतकी उपयोगाची दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. मात्र तो लावला की हाताने घातलेल्या धावदोऱ्याची गोधडी मशीनवर तयार होईल, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी पुढचे वाचून मग ठरवावे.

साध्या फुटाचे कुठे अडते हे कळले, की ह्या फुटाचे महत्त्व ध्यानात येते. मशीनमध्ये कापड सरकवण्याचे काम खालचे दात करतात. ते वर येतात, कापड मागे नेतात, खाली जातात आणि पुन्हा पुढच्या जागी येतात. चार हालचालींची ही रचना अ‍ॅलन विल्सन ह्या अमेरिकन यंत्रकाराने १८५४ मध्ये पेटंट केली आणि आजची घरगुती मशीनही त्याच तत्त्वावर चालते. झबल्याला किंवा पोलक्याला ती पुरेशी आहे. गोधडीत मात्र दातांची पकड फक्त सर्वांत खालच्या थरावर असते आणि वरच्या थरावर फूट नुसता दाबून बसलेला असतो, त्यामुळे खालचे कापड पुढे निघून जाते आणि वरचे मागे रेंगाळते. रांग संपेपर्यंत वरच्या कापडाला दोन-दोन बोटे फुगवटा येतो, तो शेवटी चुणीत दाबावा लागतो आणि गोधडीचा चौकोन तिरपा होतो. वॉकिंग फुटाला स्वतःचे छोटे दात असतात आणि त्याच्या बाजूला एक दुबेळका दांडा असतो, जो सुई आवळण्याच्या स्क्रूवर बसवायचा असतो. सुई वर-खाली झाली की दांडा हलतो, त्याच्याबरोबर वरचे दात चालतात आणि सगळे थर एकदम सरकतात. शिवताना जवळून पाहिले तर फूट खरोखर एकेक पाऊल उचलून टाकत असल्यासारखा दिसतो. पहिल्या दिवशी मी शिवणे बाजूला ठेवून बराच वेळ नुसते तेच पाहत होते.

आमच्याकडे माळव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, त्यामुळे घरात गोधड्यांची चैन नसून गरज असते. आजेसासूबाईंच्या सुती नऊवारी साड्या पेटीत जपून ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्या गोधड्या करायच्या हे घरात फार दिवसांपासून ठरलेले होते. अशा जुन्या साड्यांचे कापड वर्षानुवर्षांच्या धुण्याने इतके मऊ आणि विरळ झालेले असते, की साध्या फुटाखाली ते लगेच ओढले जाते आणि सुईपाशी गोळा होते. वॉकिंग फुटाखाली चार-पाच थरांची घडीसुद्धा सरळ गेली. ह्या कामासाठी मी ८० क्रमांकाची सुई वापरते आणि नव्या जाड कापडासाठी ९० क्रमांकाची. हे आकडे सुईच्या जाडीचे असतात, म्हणजे ९० क्रमांकाची सुई ०.९० मिलिमीटर जाडीची असते, आणि जुन्या साडीला एवढी जाड सुई लावली तर प्रत्येक टाक्याला बारीक भोक दिसत राहते. टाक्याची लांबी मी ३ मिलिमीटरच्या खाली आणत नाही. त्याहून बारीक टाक्यांनी गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते.

दुसरी मोठी गोधडी मी बाग प्रिंटच्या सुती कापडाची केली आणि ह्या फुटाची खरी परीक्षा तिथे झाली. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे हे कापड इंदुरात सहज मिळते. पांढऱ्या जमिनीवर तुरटीच्या आधाराने चढणारा लाल आणि लोखंडापासून केलेला काळा, एवढ्या दोनच रंगांत ठशांनी केवढी नक्षी उभी राहते! ठशांच्या ओळी सरळ असल्यामुळे शिलाई एक दोरा जरी हलली तरी लगेच नजरेत येते, आणि म्हणूनच मी हे कापड मुद्दाम निवडले. ठशाच्या कडेकडेने घातलेली रांग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नक्षी न सोडता गेली, आणि उलट्या बाजूच्या अस्तरावरही कुठे सुरकुती आली नाही. इतके नेमके काम मी ह्यापूर्वी घरच्या मशीनवर पाहिलेले नव्हते. बाग प्रिंटचे कापड बेतण्याआधी दोनदा तरी धुवावे, म्हणजे ते आधीच आटते आणि जादा रंगही निघून जातो.

शिलाई सरळ येण्याचे निम्मे श्रेय मात्र थर टाचण्याला द्यायला हवे. जमिनीवर अस्तर ताणून त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला लावाव्यात, त्यावर मधला थर आणि मग वरचे कापड पसरावे आणि वीतभर अंतरापेक्षा कमीवर सेफ्टी पिना लावत जाव्यात. शिवायला सुरुवात मध्यापासून करून बाहेर जावे. एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे गेल्यास वॉकिंग फूट असूनही थोडा थोडा फरक साठत जातो.

मधल्या थराविषयी अनेकजणी विचारतात. पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला सुटा कापूस ह्या कामाला चालत नाही. रजईत तो हाताच्या मोठ्या टाक्यांनी छान बसतो, पण मशीनखाली तो दबतो, टाक्यांच्या मध्ये गोळा होतो आणि फूट वर चढतो. सलग थराच्या स्वरूपात मिळणारे सुती भरण किंवा जुन्या चादरी हेच योग्य. आमच्या घरात इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलच्या काळातली जाड चादर होती. ती मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण कापड अजून इतके घट्ट आहे, की तिचा मधला थर केलेली दुलई घरातली सर्वांत उबदार ठरली.

आता उणिवा. वळणदार नक्षीसाठी हा फूट निरुपयोगी आहे. पाने, वेल, कोयऱ्या भरायच्या असतील, तर खालचे दात उतरवून कापड हातानेच फिरवावे लागते आणि त्यासाठी वेगळा फूट लागतो. उलटी शिलाई त्याला मानवत नाही. टाका पक्का करण्यापुरते दोन-तीन टाके मागे घेता येतात, पण अधिक घेतल्यास थर पुन्हा सरकतात. वेगाने चालवल्यावर त्याचा खडखडाट होतो आणि दुपारी घरात कोणी झोपलेले असेल तर थांबावे लागते. हळू चालवले की आवाजही कमी आणि टाकेही सारखे. मशीनच्या थरथरीने फुटाचा स्क्रू ढिला होतो, म्हणून मी प्रत्येक बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळ) बदलताना तो आवळून घेते आणि त्याच वेळी बॉबिनखालचे साचलेले तंतू ब्रशने काढते. जुन्या सुती कापडाचे तंतू इतके निघतात, की हे केले नाही तर खालचा दोरा अडकू लागतो.

सर्वांत मोठी मर्यादा फुटाची नसून मशीनची आहे. सुईच्या उजवीकडे घरगुती मशीनमध्ये साधारण सहा-सात इंचांचीच जागा असते आणि गोधडीचा अर्धा भाग गुंडाळी करून त्यातून न्यावा लागतो. एकेरी पलंगाची गोधडी नीट होते. दुहेरी पलंगाची करताना खांदे भरून येतात. मशीनशेजारी त्याच उंचीचे टेबल ठेवणे मला अत्यावश्यक वाटते, कारण लोंबणाऱ्या गोधडीचे वजन कापड मागे ओढते आणि टाके आखूड पडू लागतात.

सासूबाई आयुष्यभर हाताने गोधड्या शिवत आल्या आहेत, त्यामुळे त्यांचे मत मला महत्त्वाचे होते. पहिली गोधडी त्यांनी दोन्ही हातांनी चुरगाळून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, शिलाई फार सुरेख आली आहे, पण ही अंगाला बिलगत नाही." मी म्हटले, "आई, धुतल्यावर मऊ पडेल बहुधा." धुतल्यावर ती मऊ पडली खरी, तरी त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे थरांच्या मध्ये एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, तर धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो आणि त्याला थोडी सैल जागा असते. त्या सैलपणामुळे हाताची गोधडी अंगाच्या घडणीप्रमाणे दुमडते. म्हणून आता तुकडे जोडणे, गोट लावणे आणि रोज वापरायच्या, वारंवार धुवायच्या गोधड्या मी मशीनवर करते. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मात्र कडेचा गोट तेवढा मशीनवर आणि मधले टाके हाताने. सासूबाईंच्या हाताखाली बसून त्यांचे सारख्या अंतराचे टाके शिकणे हा ह्या सगळ्या काळातला माझा सर्वांत मोठा आनंद आहे आणि मशीनने उरलेले काम लवकर आटोपल्यामुळेच त्यासाठी वेळ मिळतो आहे.

विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी. फूट खाली टेकवून तळापासून तो बसवायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. बहुतेक घरगुती मशीनमध्ये ते अर्धा ते पाऊण इंच असते आणि त्यांना लो शँकचा, म्हणजे कमी उंचीचा, फूट लागतो. सव्वा इंचाच्या आसपास असेल तर हाय शँकचा, म्हणजे जास्त उंचीचा. दुकानात मशीनचे नुसते नाव सांगितल्यावर हातात दिलेला फूट बसेलच असे नाही, म्हणून शक्य असल्यास आपला जुना फूट बरोबर न्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून उंची जुळते का ते पाहावे. दांडा दोन्ही बाजूंनी स्क्रूवर नीट बसतो का आणि चाक हाताने फिरवल्यावर वरचे दात अडखळत नाहीत ना, हेही तिथल्या तिथे पाहून घ्यावे.