२.२ डिझेल: एकाच इंजिनाची दोन ॲव्हरेज

महिंद्राची एक्सयूव्ही ७००, २.२ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. गाडी घेतल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न: "ॲव्हरेज किती देते?" मी उलट विचारतो, "चालवणार कुठे?" समोरचा वैतागतो, पण इलाज नाही.

पुण्यात सिंहगड रोड ते हिंजवडी, ऑफिसच्या वेळेत, एसी लावून: दहा-साडेदहा. पावसाळ्यात वाकडच्या पुलाखाली अडकलात तर नऊ. तीच गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला ऐंशी-नव्वदवर धरली की सोळाच्या आसपास जाते. हे आकडे टाकी फुल ते टाकी फुल हिशेबाचे. स्क्रीनवरच्या आकड्यावर मी कुठल्याच गाडीत विश्वास ठेवत नाही.

एवढा फरक का, तर वजन. पावणेदोन टनांच्या वरचं धूड प्रत्येक सिग्नलला शून्यातून हलवायचं, आणि ती कमावलेली गती पुढच्या सिग्नलला ब्रेकमध्ये घालवायची. हायवेवर मात्र मोठ्या इंजिनाचा फायदा दिसतो. ४५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १७५० आरपीएमपासूनच (मिनिटाला इंजिनाचे फेरे) हाताशी असतो, त्यामुळे शंभरच्या वेगाला इंजिन निवांत फिरत असतं. खंबाटकीच्या चढावर पाच माणसं आणि सामान असूनही गिअरबॉक्सला खाली यायची फारशी घाई नसते. अशा वेळी छोटं इंजिन पार पिळावं लागतं.

पण वेग वाढवलात की मजा संपली. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभरचे एकशेवीस केले तर तो ४४ टक्क्यांनी चढतो. आमच्याकडे भाऊ चालवायला बसला की ॲव्हरेज थेट बारा-तेरावर. एक्सप्रेसवेवर कॅमेरे बसल्यापासून तोही शंभरला थांबतो, तेवढाच डिझेलचा फायदा.

झिप, झॅप, झूम हे ड्रायव्हिंग मोड आहेत. नावं एखाद्या सरबताच्या जाहिरातीतली वाटतात, पण सिटीत झिप खरंच कामाचा आहे. पाय थोडा जास्त पडला तरी गाडी उसळत नाही. झूम मी घाटातल्या ओव्हरटेकपुरता ठेवतो.

या इंजिनाची वंशावळ मला गाडीइतकीच आवडते. २००२ची पहिली स्कॉर्पिओ २.६ लिटरची, ताकद ११० पीएसच्या (अश्वशक्ती) आत-बाहेर. २००८ला एमहॉक इंजिन आलं: २.२ लिटर, कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा), व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो, १२० पीएस. २०११च्या एक्सयूव्ही ५००मध्ये १४०, आणि आता ऑटोमॅटिकला १८५. सीसी जवळपास तेच! दिल्लीत डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा कंपनीने १.९९ लिटरचं एमहॉक आणलं. सीसी कापूनही १४० तसेच राहिले. म्हणजे सीसीच्या आकड्यावर बंदी घालून काय साधलं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. ऑगस्ट २०१६मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क भरायच्या अटीवर ती बंदी उठली.

ताकद वाढली, मग ॲव्हरेज का नाही वाढलं? कारण वाचलेलं इंधन एअरबॅगा, सनरूफ, मोठी चाकं आणि बीएस-६च्या (धुराचे सरकारी निकष) सामानाने खाऊन टाकलं.

या सामानातलं डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुराचा फिल्टर, नीट समजून घ्या. धुरातली काजळी हा फिल्टर अडवतो आणि साधारण सहाशे अंश तापमानाला जाळून टाकतो. हायवेवर ते काम परस्पर होतं. रोज चार-पाच किलोमीटरच चालवलीत तर एक्झॉस्ट तापतच नाही, काजळी साठते, आणि मग गाडी जादा डिझेल टाकून ती जाळते. त्या वेळी आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं) वाढतं आणि ॲव्हरेज घसरतं. एकदा काजळी जळत असतानाच गाडी पार्किंगला लावून बंद केली, तर पंखा जोरात फिरतच राहिला. वॉचमन धावत आला, "साहेब, गाडी चालूच राहिली!" आता पंधरा दिवसांतून एकदा तरी कात्रजचा बोगदा ओलांडून खेड-शिवापूरपर्यंत सलग चक्कर मारतो. घरच्यांना वाटतं मी बनेश्वरला दर्शनाला जातो.

म्हणून ऑफिस जवळ असेल आणि गावी जाणं वर्षातून दोनदाच असेल, तर सरळ पेट्रोल घ्या. मित्राचं २ लिटर टर्बो पेट्रोल सिटीत सात-आठच देतं, पण त्याला काजळी जाळायची ही चिंता नाही. महिन्याला एक-दोनदा घाट उतरत असाल तर डिझेलच.

धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायच्या द्रवाचा, म्हणजे डीईएफचा, खर्च डिझेलपुढे किरकोळ आहे. युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. मात्र पातळीची सूचना आली की टाळू नका. पार संपलं तर अशा गाड्या एकदा बंद केल्यावर परत स्टार्ट होत नाहीत. पंपावर सीलबंद बादली मिळते, नरसाळं मात्र आपलं ठेवा, आणि ते डिझेलला वापरलेलं नको. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, वाळलं की पांढरे डाग पडतात.