‘इव्हँगेलियन’ की ‘प्लॅनेटेस’: आधी कोणती मालिका पाहावी?

वाट्याला आलेले आयुष्य स्वीकारणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न गांभीर्याने हाताळणारी विज्ञानकथेवरची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका ज्यांना पाहायची आहे, त्यांच्यासाठी मी दोन जपानी मालिका समोरासमोर ठेवतो. ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ 1995-96 मध्ये, तर ‘प्लॅनेटेस’ 2003-04 मध्ये प्रसारित झाली. दोन्हींचे भाग 26 असल्यामुळे लागणारा वेळ सारखाच आहे.

हिदेआकी आन्नो यांनी दीर्घ नैराश्यानंतर घडवलेल्या ‘इव्हँगेलियन’मध्ये 14 वर्षांच्या शिंजीला त्याचे वडील कित्येक वर्षांनी बोलावून घेतात, तेही एका अजस्र मानवाकृती युद्धयंत्रात बसून लढण्यासाठी. तो नकार देतो. मग त्याच्या जागी रेई या जखमी मुलीला, दुसऱ्या पायलटला, स्ट्रेचरवरून आणले जाते आणि तिला सावरताना स्वतःच्या हाताला लागलेले रक्त पाहून, पळून जायचे नाही असे मनाला बजावत, तो तयार होतो. हा होकार भीतीतून आणि अपराधीपणातून आलेला असल्याने तो स्वीकार ठरत नाही, हे मालिका पुढे फार प्रामाणिकपणे उलगडते. शेवटच्या दोन भागांत लढाई बाजूला पडून शिंजीच्या मनाचीच उलटतपासणी होते. कथानकाचे सगळे धागे जुळलेले हवे असतील तर इथे विरस होईल. मला मात्र हा शेवट मनापासून पटतो.

गोरो तानिगुची दिग्दर्शित ‘प्लॅनेटेस’ 2075 सालात घडते आणि तिचे नायक आहेत अवकाशातला कचरा गोळा करणारे कर्मचारी. पृथ्वीजवळच्या कक्षेत साधा स्क्रूही सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतो, त्यामुळे हे काम जीवावरचे आहे, तरीही कंपनीत त्यांना मान नाही. अशा कचऱ्याच्या धडकेने झालेल्या एका अपघातात पत्नी गमावलेला त्यांच्यातला युरी वर्षानुवर्षे कचऱ्यात तिचे होकायंत्र शोधत राहतो. चंद्रावर जन्मलेल्या नोनोचा भाग तर मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे: बारा वर्षांची ही मुलगी कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्यामुळे मोठ्या बाईएवढी उंच झाली आहे, पृथ्वीवर तिला राहता येणार नाही, आणि तरीही चंद्र हे आपले घर आहे, असे ती कुठलीही कटुता न ठेवता मानते. सुरुवातीचे काही भाग कार्यालयीन विनोदात रेंगाळतात, हे खरे. पण त्यातून पात्रांशी झालेल्या ओळखीमुळेच पुढे गुरू ग्रहाच्या मोहिमेसाठी सर्वांशी नाते तोडत जाणारा त्यांच्यातलाच हाचिमाकी पाहताना जीव तुटतो.

सध्या मन खचलेले असेल, तर ‘प्लॅनेटेस’च आधी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘इव्हँगेलियन’चा उत्तरार्ध पात्रांचे मानसिक कोसळणे अगदी जवळून दाखवतो, म्हणून ती लहान मुलांसोबत पाहू नये. ती निवडलीच, तर उत्तरार्धात एका बैठकीत दोनपेक्षा अधिक भाग घेऊ नयेत. शेवटचे दोन मात्र सलग पाहावेत.