टेस्ट सेलचं ट्रॅप्ड की इंटरलॉक: आठ महिने वापरल्यावर

आमच्या टेस्टिंग विभागात माणूस आत चालत जाईल एवढा मोठा जाळीचा सेल आहे. आत ५० किलोव्होल्टचा हाय व्होल्टेज (एचव्ही) डीसी टेस्ट सेट आणि त्याच्या पुढे चार्ज साठवणारी २ मायक्रोफॅरॅडची कपॅसिटर बँक. आठ महिन्यांपूर्वी या सेलचं जुनं इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना एचव्ही ऑन होऊ न देणारी व्यवस्था, काढून नवं बसवलं. तेव्हापासून ते रोज हाताळणारा मीच, आणि पहिले चार-सहा आठवडे त्याला सगळ्यात जास्त शिव्या घालणाराही मीच. नवीन घ्यायचा विचार असेल तर कॅटलॉगमध्ये न सापडणाऱ्या काही गोष्टी इथे मिळतील.

आधी जुनं काय होतं ते. चौकटीवर एक साधा प्लंजरचा लिमिट स्विच. दार लागलं की प्लंजर दबायचा आणि एचव्ही ऑन करायला परवानगी मिळायची. दार उघडलं की स्प्रिंग प्लंजरला बाहेर ढकलायची. म्हणजे दार उघडं आहे हे सांगायची सगळी मदार त्या एवढ्याशा स्प्रिंगवर. स्प्रिंग मेली, प्लंजर धुळीने अडकला किंवा कॉन्टॅक्ट चिकटला, तर दार सताड उघडं असूनही सर्किटच्या लेखी ते बंदच. खरं म्हणजे दार उघडताना दारानेच रेटा देऊन कॉन्टॅक्ट तोडायला हवा. तसे पॉझिटिव्ह ओपनिंगचे स्विच मिळतात, त्यांच्यावर वर्तुळातल्या बाणाचं चिन्ह असतं. पण तो स्विचसुद्धा उलट्या बाजूने बसवला तर चिन्हाचा काही उपयोग नाही.

हा जुना स्विच खोलला तेव्हा प्लंजरवर इन्सुलेशन टेपचे तीन थर निघाले, तीन वेगवेगळ्या रंगांचे. कोणी लावले याची चौकशी मी केली नाही. त्यातला पिवळा माझाच होता.

नवीन व्यवस्थेचा कणा म्हणजे ट्रॅप्ड की. बरेच जण तिला सरसकट कॅस्टेल की म्हणतात. आमचा मेक वेगळा आहे, तत्त्व तेच. टेस्ट सेटच्या आयसोलेटरवर, म्हणजे सप्लाय तोडणाऱ्या मुख्य स्विचवर, एक कुलूप आहे. आयसोलेटर ऑन असेपर्यंत त्यातली किल्ली फिरतच नाही. हँडल ऑफ केलं की किल्ली फिरते, कुलपाचा दांडा बाहेर येऊन हँडल ऑफमध्येच अडकवतो आणि मगच किल्ली हातात येते. ती घेऊन सेलच्या दाराजवळच्या एक्स्चेंज बॉक्समध्ये लावायची. तिथे ती अडकते आणि बदल्यात दाराची एक किल्ली आणि माणसांसाठीच्या तीन किल्ल्या मोकळ्या होतात. दाराची किल्ली दाराच्या कुलपात लावून दार उघडलं की ती तिथेच अडकते. दार नीट लागून बोल्ट बसेपर्यंत सुटत नाही. माणसांच्या किल्ल्यांपैकी आत जाणाऱ्या प्रत्येकाने एक खिशात ठेवायची. सगळ्या किल्ल्या बॉक्समध्ये परत आल्याशिवाय मुख्य किल्ली निघत नाही, आणि मुख्य किल्लीशिवाय आयसोलेटर ऑन होत नाही.

या सगळ्यात वायर एकही नाही. एक किल्ली एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे. पहिल्यांदा समजलं तेव्हा मला हे फारच बाळबोध वाटलं होतं.

याशिवाय दारावर कोडेड नॉन-कॉन्टॅक्ट स्विच आहे, म्हणजे न टेकता, फक्त आपल्या जोडीचा तुकडा (अ‍ॅक्चुएटर) जवळ आला की ओळखणारा. त्याचे दोन चॅनेल सेफ्टी रिलेला जातात आणि दार उघडलं की रिले टेस्ट सेटच्या प्रायमरीतले, म्हणजे इनपुट बाजूचे, सिरीजमधले दोन कॉन्टॅक्टर पाडून सप्लाय तोडतो. कपॅसिटरवर वरून पडणारा अर्थिंग आर्म आहे, तो सोलेनॉइडने उचलून धरलेला असतो. सप्लाय गेला की स्वतःच्या वजनाने खाली पडून रेझिस्टरमधून बँक अर्थ करतो. शिवाय आत हाताने धरून बँक अर्थ करायचा अर्थिंग रॉड. तो हुकवर परत टांगल्याशिवाय एचव्ही ऑन होत नाही. लाल-हिरवे दिवे, हूटर, आतून दाबायचं इमर्जन्सी बटण हे सगळं आहेच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिला महिना वैताग. दिवसाला पंधरा-वीस सॅम्पल बदलायचे, प्रत्येक वेळी किल्ल्यांची ही वरात. एका फेरीला जवळपास दीड मिनिट जातं. टेप लावून ज्यांनी वर्षं काढली त्यांना ते दीड मिनिट फार लांब वाटतं. दुसऱ्या आठवड्यात आमच्या एका सीनियरने मला बाजूला घेऊन विचारलं, 'अरे, याला काही जुगाड नाही का?' मी प्रामाणिकपणे शोधलासुद्धा. किल्लीला जुगाड सापडला नाही. जुगाड दुसरीकडे होता, त्याकडे येतो.

दुसऱ्या महिन्यात खोट्या ट्रिप सुरू झाल्या. दार बंद, माणूस बाहेर, टेस्ट मस्त चालू, आणि मध्येच रिले पडायचा. पंधरा मिनिटांच्या टेस्टमध्ये बाराव्या मिनिटाला असं झालं की पहिल्यापासून सुरुवात. दोष नॉन-कॉन्टॅक्ट स्विचवर ढकलून मोकळे झालो होतो, बदलून मागवायचंही ठरलं होतं. शेवटी फीलर गेज घेऊन बसलो तेव्हा कळलं की दारच खाली आलंय. जाळीचं दार जड, वरच्या बिजागरीचे बोल्ट सैल झालेले, त्यामुळे स्विच आणि अ‍ॅक्चुएटर यांच्यातलं अंतर अगदी काठावर गेलेलं. हूटरच्या थरथरीनेसुद्धा सिग्नल जायचा. बिजागऱ्या घट्ट केल्या, दाराखाली टेकू देणारा रोलर बसवला, आणि त्या प्रकारच्या ट्रिप थांबल्या.

दुसऱ्या प्रकारच्या ट्रिपचं कारण वेगळं निघालं. सॅम्पल फुटलं, म्हणजे ब्रेकडाऊन झालं, की सेफ्टी रिले फॉल्टवर जाऊन लॉक व्हायचा. स्विचची केबल एचव्हीच्या अर्थ रिटर्नला खेटून एकाच ट्रेमधून आणलेली होती. फ्लॅशओव्हरच्या क्षणी त्या रिटर्नमधून करंटचा केवढा मोठा झटका जातो, आणि शेजारच्या बिचाऱ्या चोवीस व्होल्टच्या वायरने काय करावं? केबल शील्डेड घेतली, वेगळ्या मार्गाने फिरवली, तेव्हापासून शांत. बसवणाऱ्याने हे आधीच करायला हवं होतं, पण विचारलं नाही तर कोणी करत नाही.

खोट्या ट्रिपबद्दल इतकं लिहिण्याचं कारण आहे. आमच्याकडचे टेपचे ते तिन्ही थर आळशी माणसांनी लावलेले नव्हते, बाराव्या मिनिटाला टेस्ट गेलेल्या माणसांनी लावलेले होते.

आता जुगाड. इंटरलॉकसोबत आलेल्या पाकिटात प्रत्येक किल्लीचा एकेक स्पेअर होता. बसवणाऱ्याने तो ऑफिसात दिला, ऑफिसने ड्रॉवरमध्ये टाकला. पाचव्या महिन्यात मी स्टेपलर शोधत होतो तेव्हा ते पाकीट सापडलं, फोडलेलं. आत एक किल्ली कमी. मुख्य किल्लीची स्पेअर आमच्या नाइट शिफ्टच्या एकाच्या लॉकरमध्ये निघाली. एक किल्ली आयसोलेटरमध्ये ठेवायची, दुसरी एक्स्चेंज बॉक्समध्ये लावायची, की दारही उघडं आणि आयसोलेटरही ऑन होऊ शकतो. बिचारा म्हणाला, फक्त दोन-तीनदा वापरली, आणि एचव्ही ऑफ करूनच आत गेलो. मला ते खरंही वाटलं. पण एकच किल्ली या तत्त्वावर ज्या व्यवस्थेची सगळी ताकद, तिला आपणच दुसरी किल्ली दिली होती.

सगळ्या स्पेअर आता सीलबंद पाकिटात विभागाबाहेर आहेत. काढायच्या असतील तर दोन सह्या लागतात आणि आयसोलेटरला आधी वेगळं कुलूप लागतं. तुम्ही घेणार असाल तर माल आल्याच्या दिवशीच विचारा: स्पेअर किती आणि त्या आज कोणाच्या हातात आहेत?

हीच गोष्ट टंग असलेल्या स्विचची, म्हणजे दारावरची जीभ आत शिरली की दार बंद समजणाऱ्या स्विचची. त्याची सुटी जीभ मिळाली की स्विचच्या डोक्यात खुपसून टेप लावली, झालं काम. साध्या रीड स्विचला तर कुठलंही लोहचुंबक चालतं. इंटरलॉकसाठीच्या आयएसओ १४११९ या स्टँडर्डमध्ये कोडिंगच्या पातळ्या दिल्या आहेत: नऊपर्यंत वेगवेगळे कोड असतील तर लो, दहा ते हजार मीडियम, हजाराच्या वर हाय. आमचा हाय आहे. दुसऱ्या स्विचचा अ‍ॅक्चुएटर आणून लावून पाहिला, तो याने ओळखला नाही.

सहाव्या महिन्यातली गोष्ट मात्र किल्लीच्या आवाक्याबाहेरची. टेस्ट संपली, एचव्ही ऑफ, मीटर शून्यावर, हिरवा दिवा लागलेला. किल्ल्या घेतल्या, दार उघडलं, एक किल्ली खिशात टाकून आत गेलो. सगळं रीतसर. सवयीने रॉड उचलून आधी रेझिस्टरचं टोक बँकेला लावलं, आणि 'फाट्' असा आवाज होऊन ठिणगी उडाली. हात जागच्या जागी थांबला. वर बघतो तर अर्थिंग आर्म अर्ध्यातच लटकलेला.

नंतर कागद घेऊन हिशोब केला. ५० किलोव्होल्टला २ मायक्रोफॅरॅडमध्ये २५०० जूल असतात. बँकेवरचा ब्लीडर, म्हणजे चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर, २० मेगाओहमचा. म्हणजे टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज साधारण एक-तृतीयांशावर यायचा वेळ) ४० सेकंद. मी साधारण मिनिटभराने आत गेलो होतो. तेवढ्या वेळात व्होल्टेज ११ किलोव्होल्टच्या आसपास येतं, आणि शिल्लक ऊर्जा १२५ जूलच्या जवळ. माणसाला संपवायला पुरेशी. नुसत्या ब्लीडरवर ५० व्होल्टपर्यंत उतरायला साडेचार मिनिटांहून जास्त लागतात, आणि ब्लीडरच तुटलेला असेल तर तासभर थांबूनही खात्री नाही.

मग हिरवा दिवा का लागला? आर्म खाली असल्याचा सिग्नल देणारा मायक्रोस्विच बसवला होता सोलेनॉइडच्या प्लंजरवर. सोलेनॉइडने आर्म सोडला होता, प्रामाणिकपणे. आर्म पडला नव्हता, कारण पिव्होटमध्ये कोणीतरी भरलेलं ग्रीस धूळ धरून वाळलं होतं. आणि मीटर? त्याचा टॅप चार्जिंग डायोडच्या अलीकडे. सेट बंद झाला की तो शून्यच दाखवणार, पलीकडे बँक भरलेली असली तरी. मीटर आणि दिवा, दोघेही बरोबर होते. फक्त आम्हाला जे विचारायचं होतं ते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर तीन बदल केले. मायक्रोस्विच आर्म जिथे अर्थच्या जबड्यात बसतो तिथे हलवला. पिव्होट कोरडा ठेवून आर्मच्या टोकाला वजन वाढवलं. मीटरसाठी वेगळा डिव्हायडर (व्होल्टेज ठराविक प्रमाणात कमी करून मीटरला देणारा) थेट बँकेवर घेतला. शिवाय एक्स्चेंज बॉक्सला सोलेनॉइड लावून घेतला: आर्म खाली बसल्याचा सिग्नल आल्याशिवाय दाराची किल्ली सुटतच नाही. नाही सुटली तर दाराशी झटापट करायची नाही, सुपरवायझरला बोलवायचं. रॉड तरीही दरवेळी लावायचाच, आणि काम चालू असेपर्यंत तो बँकेवर लटकवून ठेवायचा. मोठा कपॅसिटर एकदा शॉर्ट करून सोडून दिला तर डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला चार्ज हळूहळू पुन्हा वर येतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ठिणगी पाहिल्यावर ते पाळायला लागलो.

छोट्या तक्रारी. माणसांच्या किल्ल्या सुरुवातीला लहानशा होत्या. एकजण किल्ली खिशात घालून जेवायला गेला, मग फिरून बाहेर कामाला गेला, आणि पाऊण तास अख्खा सेल बंद. आता प्रत्येक किल्लीला तळहाताएवढा लाल पत्रा आहे. खिशात मावत नाही, बसताना टोचतो, आणि त्याचसाठी तो आहे. कुलपात तेल घालू नका, धूळ चिकटून चिखल होतो. आमच्या कुलपांच्या माहितीपत्रकात कोरडी ग्रॅफाइट पावडर सांगितली आहे. दोन महिन्यांतून एकदा पुरते.

सामान आत घ्यायच्या लहान दारावर अजून जुने रीड स्विच आहेत आणि ते मोठ्या दाराच्या सर्किटमध्ये सिरीजला जोडलेले. चौथ्या महिन्यात लक्षात आलं की लहान दाराचा एक चॅनेल चिकटला होता. रिलेने तो पकडला, पण नंतर कोणीतरी मोठं दार उघडून लावलं, दोन्ही चॅनेल एकत्र पडून उठले, आणि रिलेने समजून घेतलं की सगळं ठीक. असा झाकला गेलेला फॉल्ट दिव्यांवरून कळत नाही. त्यामुळे दर सोमवारी, सेटचा रेग्युलेटर शून्यावर ठेवून, एकेक दार वेगळं उघडून प्रत्येक चॅनेल मीटरवर तपासतो. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि हे लोटोच्या (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे स्वतःचं कुलूप आणि टॅग लावून सप्लाय बंद ठेवण्याच्या पद्धतीच्या) जागी वापरू नका. सॅम्पल बदलायला किल्ली पुरते. बँकेचे बोल्ट खोलायचे, सेटचं झाकण काढायचं असेल तर आयसोलेटरवर स्वतःचं कुलूप, टॅग आणि परमिट लागतंच. आमच्याकडे महिनाभर लोक 'किल्ली माझ्याकडे आहे ना' म्हणून परमिटच घेत नव्हते.

तो टेप लावलेला जुना स्विच मी फेकला नाही. एक्स्चेंज बॉक्सच्या वर खिळ्याला टांगलाय. लहान दाराचे कोडेड स्विच मागवलेत. ते आले की त्याच्या शेजारी रीड स्विचची जोडीही लागेल.