राष्ट्रप्रमुखांचे मानद सन्मान : एका आंतरराष्ट्रीय सेवेचे परीक्षण

आंतरराष्ट्रीय संस्था राष्ट्रप्रमुखांना सदिच्छादूत नेमतात, त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू करतात, त्यांना सुवर्णपदके आणि मानद अध्यक्षपदे देतात. एखाद्या सार्वजनिक सेवेचे करावे तसे या सन्मानांचे परीक्षण व्हायला हवे, असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटत आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था सदस्य देशांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर, म्हणजे बऱ्याच अंशी करदात्यांच्या पैशावर चालतात, आणि त्यांच्या मुद्रेला जी पत आहे ती लसीकरण, शाळा, साथरोग नियंत्रण अशा कामांतून वर्षानुवर्षे कमावलेली आहे. ती पत हुकूमशहाच्या पदरात पडली, तर सेवा बिघडली असे म्हणण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे. निवड कोण करते, पैसा कोणाचा असतो आणि चूक झाली तर दाद कुठे मागायची, हे मी प्रामुख्याने पाहिले.

सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेपासून करते. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ येथे असंसर्गजन्य आजारांवरील परिषदेत संघटनेचे महासंचालक तेद्रोस अधानोम घेब्रेयेसुस यांनी झिम्बाब्वेचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना आफ्रिकेसाठीचे सदिच्छादूत म्हणून जाहीर केले. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्याविरुद्धच्या कामाला मुगाबे बळ देतील, अशी त्यामागची कल्पना होती. सार्वत्रिक आरोग्यसेवेला धोरणाच्या केंद्रस्थानी ठेवणारा देश म्हणून झिम्बाब्वेचे कौतुकही झाले. मुगाबे तेव्हा ९३ वर्षांचे होते आणि १९८० पासून सत्तेवर होते.

ज्या देशाचे हे कौतुक झाले तिथे २००८ च्या ऑगस्टपासून कॉलऱ्याची साथ पसरली होती आणि पुढच्या वर्षभरात तिने चार हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला होता. कॉलरा हा गूढ आजार नाही. स्वच्छ पाणी, बंदिस्त सांडपाणी आणि वेळेवर दिलेली मीठ-साखरेची पुडी एवढ्याने बहुतेक रुग्ण वाचतात. परंतु शहरांचा पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण कोलमडले होते, आणि चलनाचे मूल्य इतके घसरले होते की परिचारिकांचा पगार कामावर येण्याच्या बसभाड्यालाही पुरेनासा झाला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये राजधानी हरारेतील मोठी सरकारी रुग्णालये जवळजवळ बंद पडली. मुगाबे स्वतः मात्र उपचारांसाठी सिंगापूरला जात असत, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांचा मृत्यूही सिंगापूरच्या रुग्णालयातच झाला. शिवाय तंबाखू हे झिम्बाब्वेचे एक प्रमुख निर्यात पीक आहे, ही गोष्ट असंसर्गजन्य आजारांचा दूत निवडताना कोणाला तरी आठवायला हवी होती.

आरोग्य क्षेत्रातील संस्थांनी, मानवी हक्क कार्यकर्त्यांनी आणि अनेक सरकारांनी उघड निषेध केल्यावर २२ ऑक्टोबरला ही नेमणूक रद्द झाली. चार दिवसांत माघार घेणे ही या सेवेची जमेची बाजू आहे, आणि ती मी मोकळेपणाने नोंदवते, कारण आपली चूक इतक्या लवकर मान्य करणाऱ्या संस्था थोड्या असतात. तरीही माझी तक्रार मिटत नाही. सदिच्छादूत नेमणे हा महासंचालकांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि घोषणेपूर्वी त्याची सार्वजनिक छाननी होत नाही. नेमणूक मागे घेताना झिम्बाब्वेच्या सरकारशी सल्लामसलत केल्याचे सांगण्यात आले. म्हणजे सरकारचे म्हणणे विचारले गेले. ज्या रुग्णांच्या नावाने हे पद निर्माण केले त्यांचे म्हणणे ऐकण्याची सोय मात्र या व्यवस्थेत कुठेच नाही.

दुसरे प्रकरण युनेस्कोचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण, विज्ञान आणि संस्कृतीविषयक संस्थेचे आहे, आणि ते अधिक गंभीर आहे, कारण त्यात घाई नव्हती. चार वर्षे विचार करून घेतलेला तो निर्णय होता. इक्वेटोरियल गिनीचे अध्यक्ष तेओदोरो ओबियांग यांनी १९७९ मध्ये स्वतःच्या काकांना लष्करी बंडाने पदच्युत करून सत्ता घेतली. नव्वदच्या दशकात या छोट्या देशाच्या समुद्रात तेलाचे मोठे साठे सापडले, दरडोई उत्पन्नाचे आकडे आफ्रिकेत अग्रस्थानी गेले, पण सामान्य माणसाच्या घरात नळाचे शुद्ध पाणी काही आले नाही. याच ओबियांग यांच्या नावाने जीवविज्ञानातील संशोधनाचा पुरस्कार युनेस्कोच्या कार्यकारी मंडळाने २००८ मध्ये मंजूर केला. देणगी ३० लाख डॉलरची होती आणि त्यातून दरवर्षी ३ लाख डॉलर संशोधकांना द्यायचे होते.

विरोध झाला आणि तो चिवटपणे टिकला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यापासून अनेक शास्त्रज्ञ, पत्रकार आणि लेखक त्यात उतरले, आणि स्वतः ओबियांग यांच्या देशातून परागंदा झालेल्या नागरिकांनीही आवाज उठवला. ऑक्टोबर २०१० मध्ये पुरस्कार स्थगित झाला. तत्कालीन महासंचालक इरिना बोकोवा यांनी तो देऊ नये यासाठी आपले वजन खर्च केले, याची नोंद घ्यायलाच हवी. पण मार्च २०१२ मध्ये कार्यकारी मंडळाने ३३ विरुद्ध १८ मतांनी, सहा सदस्य तटस्थ असताना, पुरस्कार पुन्हा मार्गी लावला. तडजोड एवढीच झाली, की ओबियांग यांचे नाव काढून त्या जागी देशाचे नाव घातले गेले.

युनेस्कोचे मुख्यालय पॅरिसमध्ये प्लास द फोंतन्वा येथे आहे. तिथून सीन नदी ओलांडून काही किलोमीटर गेले की आव्हेन्यू फॉश लागतो, आणि त्या रस्त्यावर ओबियांग यांच्या मुलाची शंभराहून अधिक खोल्यांची हवेली होती. भ्रष्टाचाराच्या तपासात फ्रेंच पोलिसांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये, म्हणजे युनेस्कोतील मतदानाच्या काही आठवडे आधी, तिची झडती घेतली. त्यापूर्वीच काही महिने या चिरंजीवांना युनेस्कोमधील आपल्या देशाचे उपप्रतिनिधी म्हणून नेमण्यात आले होते. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना सार्वजनिक पैशाच्या अपहाराशी संबंधित गुन्ह्यांत दोषी ठरवले. एकाच शहरात, एकाच महिन्याच्या अंतराने, नदीच्या एका बाजूला झडती आणि दुसऱ्या बाजूला त्याच कुटुंबाच्या पैशाला मंजुरी, हे वाचताना मला अतिशय वाईट वाटले. जुलै २०१२ मध्ये तीन संशोधकांना हा पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या संशोधनात काही खोट नव्हती. आयुष्यभराच्या कामाची पावती अशा वादाच्या कागदात गुंडाळून त्यांच्या हाती यावी, हा त्यांच्यावरही अन्यायच होता.

क्रीडा संघटनांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे सगळे काही तारखाच सांगतात. व्लादिमीर पुतिन यांना ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये सर्वोच्च सन्मान दिला, तेव्हा रशियाच्या चेचन्या प्रांतातील दुसरे युद्ध चालू होते. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाचे मानद अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाचे जॉर्जियाशी युद्ध झाले आणि पद कायम राहिले. जलक्रीडा महासंघाने आपला सन्मान २०१४ मध्ये दिला, ज्या वर्षाच्या मार्चमध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतला होता. २०१३ मध्ये तायक्वांदोचा मानद काळा पट्टाही त्यांना मिळाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर मोठे आक्रमण झाले आणि त्यानंतरच्या आठवडाभरात हे चारही सन्मान काढून घेतले गेले किंवा स्थगित झाले. माघार योग्यच होती. पण एका आठवड्यात जे करता आले ते आधीच्या वीस वर्षांत का करता आले नाही, या प्रश्नाला या संघटनांच्या निवेदनांत उत्तर सापडत नाही.

या सेवेच्या बाजूने जे बोलले जाते तेही मी गांभीर्याने घेतले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना प्रत्येक सरकारशी बोलावे लागते, सरकारने दार उघडले नाही तर लस मुलांपर्यंत पोहोचत नाही, हे खरे आहे. पण बोलणी करायला सत्कार करावा लागत नाही. टेबलावर समोरासमोर बसणे वेगळे आणि गळ्यात हार घालणे वेगळे. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. आफ्रिकी देशांचे प्रतिनिधी म्हणतात, की बोट नेहमी आमच्याचकडे दाखवले जाते. त्यात तथ्य आहे, कारण पाश्चात्त्य संस्था आणि सरकारांनीही हेच केले आहे. एडिनबरा विद्यापीठाने मुगाबे यांना मानद पदवी १९८४ मध्ये दिली, आणि त्याच काळात झिम्बाब्वेच्या मताबेलेलँड भागात त्यांचे सैन्य हजारो नागरिकांना ठार करत होते. पदवी काढून घेतली गेली २००७ मध्ये. ब्रिटनने १९९४ मध्ये दिलेला सरदारकीचा सन्मान २००८ मध्ये रद्द केला. मात्र यातून निघणारा निष्कर्ष नियम सर्वांना सारखे लावण्याचा आहे. नियमच नकोत, असे त्यातून निघत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी या सेवेला दीड देईन, आणि तो दीडही मोंतेविदेओच्या त्या चार दिवसांसाठी आणि पॅरिसमध्ये विरोधात पडलेल्या १८ मतांसाठी. सत्तेवर असलेल्या व्यक्तीला मानद पद देऊ नये, तिच्या नावाने पुरस्कार काढू नये, आणि सन्मान कोणत्या परिस्थितीत परत घेतला जाईल हे सन्मानपत्रातच लिहावे, एवढे बदल झाल्यास मी आनंदाने गुण वाढवीन. तोपर्यंत संशोधकांनी, डॉक्टरांनी आणि खेळाडूंनी अशा सन्मानासाठी आपले नाव पाठवण्याआधी नियमावली मागवून वाचावी आणि देणगी कोणत्या खात्यातून आली हे लेखी विचारावे. ओबियांग पुरस्काराच्या नियमांत देणगीदार म्हणून त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाचा उल्लेख होता. पैसे प्रत्यक्षात सरकारी तिजोरीतून आले आहेत, हे युनेस्कोच्या विधी विभागाने कार्यकारी मंडळासमोर मांडले ते २०१२ मध्ये, पुरस्कार मंजूर झाल्यानंतर चौथ्या वर्षी.