पीएचक्यू-९ : नववा प्रश्न सोन्याचा, पण धडधडीचं काय?

धडधड, छातीत कळ, हातापायांना मुंग्या, 'आता जातो की काय' अशी भीती. पाटण-जावळीकडचा असा पेशंट प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, ईसीजी नॉर्मल निघतो आणि 'गॅस झालाय' ऐकून घरी जातो. हा पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा प्रकार असू शकतो. त्याच्यासाठी पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपणारी एकपानी, फुकट मिळणारी प्रश्नावली कितपत कामाची?

नैराश्यासाठी उत्तम. मागच्या दोन आठवड्यांचे नऊ प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा जास्त आले की नीट तपासायचं. पॅनिकवर मात्र एकही प्रश्न नाही. तो तोंडीच विचारावा लागतो. 'झटका येतो का' म्हणू नका, लोकांना फिट किंवा हार्ट अटॅक वाटतो. 'अचानक जीव घाबराघुबरा होतो का? त्या भीतीनं एसटीचा प्रवास, बाजार सोडलात का?' हे लगेच कळतं.

कागदाची खरी किंमत नवव्या प्रश्नात आहे: मेलेलं बरं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. मरणाला एवढा भिणारा जीव कशाला देईल, असं धरून नेमका हाच गाळला जातो. पण भीती आणि 'सुटलो तर बरं' दोन्ही एकाच माणसात नांदतात, सोबत नैराश्य किंवा दारू असली तर जास्तच. 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीनं पॅनिक आणि आत्महत्येचे विचार यांचा हा संबंध पुढे आणला. त्यात पॅनिकचा वाटा किती आणि नैराश्याचा किती, यावर पुढे वाद झाले. ओपीडीत तो वाद बाजूला ठेवून दोन्ही विचारावं.

दुसरी गफलत बेरजेची. एकूण 6 म्हणून कागद फाइलला जातो, नवव्यातला 1 कुणी बघत नाही. तो 1 दिसला की नातेवाइकांना बाहेर बसवा. सासूसमोर सून 'नाही'च म्हणणार. मनात काही ठरवलंय का, आधी प्रयत्न झाला होता का, घरी सोबत कोण, हे सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. ठरवलेलं असेल तर एकटं न सोडता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराला पाठवा. घरातली फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, गोळ्या थोड्याच दिवसांच्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तिथंच लावून द्या, रात्रीही चालतो.

आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये (गावातल्या लोकांची आजारांची जोखीम टिपणाऱ्या यादीत) पीएचक्यूचे फक्त पहिले दोन प्रश्न आहेत, तेही तिशीपुढच्यांसाठी. कॉलेजची पोरं त्यातून निसटतात, आणि नववा प्रश्न तर त्यात नाहीच.

पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड तारा पॅनिकचा.