थायलंडमधला लांब मुक्काम: साठ दिवसांचा शिक्का की डीटीव्ही?

काम लॅपटॉपवर, पगार पुण्याहून किंवा परदेशातून, आणि वर्षातले बरेच महिने थायलंडमध्ये काढायचे, असा बेत असलेले लोक आता सोलापुरातही भेटतात. त्यांच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, व्हिसा न काढता जायचं, पासपोर्टवर मिळालेला साठ दिवसांचा शिक्का संपत आला की मुदतवाढ घ्यायची आणि तीही संपली की सीमेबाहेर जाऊन परत यायचं. दुसरी, पाच वर्षांचा, बहुप्रवेश डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, म्हणजे डीटीव्ही. भारतीयांसाठी साठ दिवसांची सवलत आणि डीटीव्ही, दोन्ही जुलै २०२४ मधलीच. भाषा शिकण्याच्या नावावर काढलेल्या विद्यार्थी व्हिसाची तिसरी वाट मी यात धरलेली नाही. वर्गात खरंच बसायचं नसेल तर तिच्या नादी लागू नये.

मी डीटीव्हीवर आहे, हे आधी सांगून टाकतो. पहिली वाट वाईट आहे असं मात्र नाही. वर्षातून एकदा, फार तर तीन महिने राहणाऱ्याने डीटीव्हीच्या कागदांत पडूच नये.

आधी व्हिसाविना वाटेचा हिशेब. उतरलात तो दिवस पहिला धरतात. २० जानेवारीला पोचलात तर शिक्क्यावर २० मार्च पडते (लीप वर्ष नसेल तर). टीएम ७ फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या प्रती आणि १,९०० बाथ भरून आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे १९ एप्रिल. एका प्रवेशावर ही महिनाभराची वाढ एकदाच. मुदतवाढीच्या काळात पुन्हा येण्याचा परवाना न काढता देश सोडलात तर उरलेले दिवस बुडाले. मुदत उलटून राहिलात तर रोज ५०० बाथ दंड, कमाल २०,०००. ९० दिवसांपेक्षा जास्त झाले तर पुढच्या प्रवेशावरच बंदी येते. साठचा आकडा खाली आणण्याची चर्चा तिकडे अधूनमधून होत असते, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. तो तीसवर आला तर या वाटेचा हिशेब आणखी विस्कटतो.

आता बॉर्डर रन, म्हणजे नव्या शिक्क्यासाठी सीमेबाहेरची चक्कर. पूल ओलांडायचा आणि संध्याकाळी परत यायचं, एवढंच ते वाटतं. आपल्या पासपोर्टवर ते इतकं सुटसुटीत नाही, कारण बहुतेक शेजारी देशांचाही व्हिसा लागतो. लाओससाठी नाँग खाईच्या मैत्री पुलावर आगमनानंतर व्हिसा मिळतो, पण डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा हव्यात. फी बाथमध्ये भरली तर महाग पडते. वर तो व्हिसा पासपोर्टचं अख्खं पान खातो. कंबोडियाची जमिनीवरची नाकी २०२५ च्या जूनमध्ये वादामुळे बंद झाली आणि त्या बाजूची सोपी वाट गेली. मलेशिया भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत ३० दिवस व्हिसाविना घेतो, फक्त त्यांचं डिजिटल आगमन कार्ड आधीच्या तीन दिवसांत भरायचं. त्यामुळे सध्या दक्षिण थायलंडमधल्या हात याई मार्गे सडाओ किंवा पाडांग बेसारचं नाकं, नाहीतर विमानाने पेनांग, हेच आपल्या लोकांना बरं पडतं.

अडचण परत येताना. रस्त्याने व्हिसाविना प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो. विमानतळावर असा लेखी आकडा नाही, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई इमिग्रेशनने जाहीर केलं की सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त व्हिसा रन दिसले तर प्रवेश नाकारू. काउंटरवर माणशी २०,००० बाथ आणि परतीचं तिकीट मागू शकतात. पर्यटनाचा शिक्का आहे आणि वर्षातले नऊ महिने तुम्ही इथेच, हे पासपोर्ट उघडताच दिसतं. तरीही याच वाटेने जायचं असेल तर सोलापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण करताना ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका मागून घ्या. फी १,५०० च्या जागी २,००० रुपये. पाचशे रुपयांसाठी मधेच पानं संपण्याची कटकट नको.

एवढं सगळं एकवेळ सांभाळता येतं. माझ्यासाठी पारडं फिरवलं ते टीएम ३० ने.

परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं, त्याचं नाव टीएम ३०. कळवायचं मालकाने, अडायचं भाडेकरूचं. मुदतवाढीला गेलात की खिडकीवर आधी त्याची पावती मागतात. नसेल तर फॉर्म बाजूला ठेवतात. व्हिसाविना शिक्क्यावर बाहेर जाऊन आलात की तो नवा प्रवेश, म्हणजे टीएम ३० पुन्हा. मालक ऑनलाइन नोंद करणारा असेल तर दहा मिनिटांचं काम. पण अनेकांनी तिथे नोंदणीच केलेली नसते, मग घराच्या निळ्या पुस्तिकेची आणि त्यांच्या ओळखपत्राची सहीची प्रत घेऊन तुम्हीच ऑफिस गाठायचं. मालक गावाला गेलेला, संदेश वाचलेला पण उत्तर नाही, आणि इकडे शिक्क्याचे चार दिवस उरलेले. सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघणाऱ्याला ही तगमग नव्याने समजावायला नको. दर तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या सवडीवर आपलं कायदेशीर राहणं टांगून ठेवायचं, हे मला झेपणारं नव्हतं.

डीटीव्हीवर टीएम ३० सुटत नाही, पण पहिल्यांदा झालं की बराच काळ विषय संपतो. बहुप्रवेश व्हिसावर बाहेर जाऊन त्याच पत्त्यावर परतलात तर नव्याने नोंद लागत नाही, असा २०२० पासूनचा नियम आहे. काही स्थानिक ऑफिसं तरीही मागतात, म्हणून जुनी पावती जपून ठेवा.

व्हिसा पाच वर्षांचा, दर प्रवेशावर १८० दिवस, आणि रस्त्याने दोनदाची मर्यादा त्याला लागू नाही. सोलापूरकराला तो सोयीचा का, तर गावाकडच्या फेऱ्याच बॉर्डर रन होतात. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा करून २० जानेवारीला परत गेलात तर १८ जुलैपर्यंत राहता येतं. तोवर बहुतेक वर्षी आषाढी आलेली असते. पंढरपूर करून २५ जुलैला पुन्हा गेलात तर पुढच्या २० जानेवारीपर्यंत चिंता नाही, म्हणजे संक्रांत घरीच. आषाढीच्या आधी अधिक महिना आला की ती लांबते, तेव्हा मधे एक चक्कर पेनांगची.

मूळ फी १०,००० बाथ; वकिलात ती रुपयांत घेते आणि नकार आला तरी परत देत नाही. व्हिसाविना वाटेवर नुसत्या मुदतवाढीचे वर्षाला चार वेळचे ७,६०० बाथ होतात, त्यात प्रवासखर्च धरलेलाच नाही.

खरी मेहनत कागदांची. अर्ज थायलंडबाहेरूनच करावा लागतो. महाराष्ट्रातला अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे, ई-व्हिसा संकेतस्थळावरून, फेऱ्या नाहीत. निकाल येईपर्यंत भारतातच थांबा. खात्यात ५ लाख बाथ दाखवायचे, आजच्या भावाने साधारण १३ ते १५ लाख रुपये. इथे आपल्याकडचे दोन घोळ ठरलेले. सहकारी बँकेच्या पासबुकात आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, किंवा वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. नावं जुळवून, बँकेच्या शिक्क्यासह इंग्रजी स्टेटमेंट घ्या. दुसरं, मेहुण्याकडून आठवड्यासाठी आणलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यात येते. पैसा काही महिने मुरलेला बरा. नोकरदाराला कंपनीचं ‘परदेशातून काम करायला हरकत नाही’ असं पत्र लागतं. स्वतंत्र काम करणाऱ्याने करारपत्रं, बिलं, आयकर विवरण आणि कामाचे नमुने जोडावेत.

डीटीव्हीने थायलंडमधल्या गिऱ्हाइकासाठी काम करता येत नाही. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या चादरी-टॉवेलांच्या ऑर्डरी बँकॉकच्या पाहुरात बाजारात घ्यायच्या असतील तर तो नॉन-बी, म्हणजे व्यवसायाच्या, व्हिसाचा आणि वर्क परमिटचा प्रांत आहे. सलग ९० दिवस राहिलात की टीएम ४७ ने पत्ता कळवायचा. पहिल्यांदा बहुधा स्वतः जाऊन, पुढे ऑनलाइन. आणि कुठल्याही वाटेने असो, कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तिथले कर-रहिवासी ठरता. २०२४ पासून बाहेरून आणलेल्या कमाईवरही कर लागू शकतो, तेव्हा सीएशी एकदा बोलून घ्या.

डीटीव्ही हातात आला तरी पहिल्या प्रवेशाला काउंटरवरून लगेच हलू नका. आगमनाच्या डिजिटल कार्डात व्हिसा क्रमांक भरलेला असू द्या, व्हिसाची छापील प्रत पासपोर्टमध्ये ठेवून द्या आणि शिक्क्यावरची तारीख तिथेच मोजा. भारतीय पासपोर्ट पाहून सवयीने साठ दिवसांचा शिक्का बसू शकतो. तिथल्या तिथे दाखवला तर दुरुस्त करून घेणं सोपं. शहरात पोचल्यावर तेच काम इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत जातं.